पटलाला दार नसतं

दारावर लाल दिवा पेटलेला असताना आत जायचं नसतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी त्या दुपारी तिनं ऐकलं नसतं. बगलेत गुंडाळी केलेली चित्रं, कपाळावर आठी, वाऱ्यानं केसांचं झालेलं टोपलं... तिनं दार ढकललं आणि बाहेरच्या लख्ख उजेडासकट ती आत शिरली.

आत काळोख होता. अगदी मिट्ट नव्हे. एका पडद्याचा हिरवट उजेड होता आणि त्या उजेडात एक माणूस पाठमोरा बसला होता. तो ओरडला नाही. दचकलाही नाही. त्याचे खांदे तेवढे हळूच खाली आले, हातातून काहीतरी निसटल्यावर येतात तसे.

"दार," तो म्हणाला.

"काय दार?"

"लावा."

तिनं लावलं. "झालं?"

"आता लावून काही उपयोग नाही. पण लावलंत, बरं झालं."

"एवढं काय झालं?"

"तीन तासांचं चित्रण चाललं होतं. उजेड शिरला की कॅमेरा आंधळा होतो." तो खुर्चीतच वळला. चेहरा नीट दिसत नव्हता; चष्म्याच्या काचांवर दोन हिरवे ठिपके तेवढे दिसत होते. "असू दे. पेशी आहेत, पुन्हा खातील."

एरवी ती ओशाळली असती, चार वेळा माफी मागितली असती. पण आज ती भांडायला आली होती, आणि भांडण असं वाटेत थोडंच सांडता येतं?

"सॉरी. पण मीसुद्धा या चित्रावर तीन दिवस घालवलेत," ती म्हणाली आणि तिनं गुंडाळी सोडून कागद त्याच्यापुढे धरला. "मला हा माणूस हवाय."

"कोण?"

"हे लिहिणारा. वाचा! 'चित्र चुकीचे. पटलाला दार नसते. पुन्हा काढावे.' काढावे म्हणे! लाल शाईत! आणि अक्षर बघा, मुंग्यांची रांग चाललीय नुसती. सत्तरीचा असणार. कानातून केस आलेला. उभ्या आयुष्यात कुणाशी दोन शब्द गोड बोलला नसणार."

अंधारात त्या माणसानं नकळत आपल्या कानाला हात लावून पाहिला.

"बत्तीस," तो म्हणाला.

"काय बत्तीस?"

"वय. सत्तर नाही, बत्तीस. अक्षर मात्र... मुंग्यांचंच आहे."

खोलीत कुठलंसं यंत्र बारीक घुमत होतं, तेवढाच काय तो आवाज. तिला वाटलं, आता धरणी दुभंगावी. धरणी काही दुभंगली नाही. त्या माणसानं मात्र शेजारची खुर्ची पायानं पुढे सरकवली.

"बसा," तो म्हणाला. "दार का नसतं, ते दाखवतो."

*

ती शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. फुलाचा उभा छेद, माणसाचं हृदय, ज्वालामुखीचं पोट, जे मागतील ते. या वेळी विज्ञानाच्या पुस्तकातला एक धडा तिच्याकडे आला होता. पेशी आपल्या आवरणातून, म्हणजे पटलातून, मोठाले कण आत कसे घेते आणि बाहेर कसे टाकते, असा विषय. धडा लिहिला होता या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी, आणि चित्रं तपासायचं काम बाईंनी आपल्या हाताखालच्या या संशोधकावर ढकललं होतं. प्रयोगशाळेत त्याला सगळे 'मुनी' म्हणायचे. दिवसाकाठी तो पंचवीस-तीस शब्द बोलत असेल, त्यातले दहा पेशींशी.

आणि तिचं घरचं नाव होतं भिंगरी. लहानपणापासून पायाला भिंगरी म्हणून तेच नाव चिकटलं. ती बसून जेवायची नाही, उभ्यानं अभ्यास करायची, फोनवर बोलता बोलता जिन्यावरून तीन मजले उतरून परत यायची. तीन नोकऱ्या धरल्या, तिन्ही सोडल्या. सध्या ती मोठ्या बहिणीच्या, ताईच्या घरी राहत होती आणि ताईच्या जेवणाच्या टेबलावर हृदयं-फुप्फुसं रंगवत होती.

त्या दिवशी हिरव्या उजेडात तिनं जे पाहिलं, ते तिच्या चित्रात नव्हतं.

पडद्यावर एक पांढरी पेशी होती. रक्तात फिरणारी, पहारेकऱ्यासारखी. तिच्यापुढे यीस्टचा एक गोल दाणा पडला होता. भिंगरीनं आपल्या चित्रात पेशीला दोन झडपा काढल्या होत्या. झडपा उघडल्या, दाणा आत, झडपा बंद. इथं मात्र काही उघडलंच नाही. पेशीचा काठ थरथरला, पुढे आला, दाण्याच्या दोन्ही बाजूंनी त्याचे पातळ पदर वर चढले... आणि पलीकडे जाऊन एकमेकांना मिळाले. दाणा आत होता. त्याच्याभोवती पेशीच्याच आवरणाची एक पिशवी होती.

"अय्या," ती पुटपुटली. "हिनं त्याला मिठीच मारली."

"हो."

"आणि कुठे भोकसुद्धा पडलं नाही."

"भोक पडलं तर ती मरेल. एवढी मोठी वस्तू आत घ्यायची तर स्वतःचाच काठ आत वळवावा लागतो. थोडं आवरण खर्ची घालावं लागतं."

त्याच्या मानानं हे भाषणच होतं. त्यालाही ते जाणवलं असावं, कारण पुढचा शब्द एकच आला. "पाय."

"काय?"

"तुमचा पाय. टेबल हलतंय."

तिनं पडद्याकडे पाहिलं. सगळी पेशी थडथड उडत होती. तिच्या पायानं! बसलं की तिचा उजवा पाय आपोआप हलायला लागायचा. शाळेत त्यासाठी तिनं पट्ट्या खाल्ल्या होत्या. तिचा चेहरा गरम झाला. ती उठली, चित्रं गोळा केली.

"येते मी. पुन्हा काढते. दार न काढता."

"उद्या दोनला मायक्रोस्कोप माझ्याकडे आहे," तो पडद्याकडेच बघत म्हणाला. "चारपर्यंत. म्हणजे... चित्रासाठी लागलं तर."

ती 'बघते' म्हणाली आणि जिना दोन-दोन पायऱ्या टाकत उतरली.

*

दुसऱ्या दिवशी दोनला पाच मिनिटं कमी असताना ती हजर होती. या वेळी लाल दिवा पेटला नव्हता; तरी तिनं टकटक केली.

तिच्या खुर्चीखाली काहीतरी होतं. वाकून पाहिलं, तर जाड काळ्या रबराची चटई. चारी बाजूंनी नीट कापलेली, खुर्चीच्या पायांच्या मापाची, आणि पुढे पाऊल ठेवायला वेगळा तुकडा.

"हे काय?"

"रबर आहे. हादरे शोषून घेतं." त्यानं चष्मा पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता. "आता हवा तेवढा हलवा पाय."

ती उभीच राहिली. आजवर तिला सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, नीट बस. आईनं सांगितलं, शाळेतल्या बाईंनी सांगितलं, साहेबांनी सांगितलं. तिच्या पायाखाली रबर घालावं असं आजपर्यंत एकालाही सुचलं नव्हतं.

"कधी कापलंत?"

"सकाळी."

"कशानं?"

"ब्लेडनं." त्याच्या अंगठ्याला छोटी पट्टी होती. तिनं ती पाहिली, आणि तिनं पाहिलेलं त्यानं पाहिलं. त्यानं हात टेबलाखाली घेतला.

मग रोजच दोन वाजायला लागले. म्हणजे इतरांकडेही वाजत असतील, पण तिच्याकडे ते सकाळी नऊपासूनच वाजायला सुरुवात व्हायची. ती एक रेघ ओढायची, घड्याळ बघायची, खिडकी उघडायची. वारा कागद उडवायचा. मग खिडकी बंद, पुन्हा एक रेघ. ताई स्वयंपाकघरातून म्हणायची, "अगं, ते चित्र काढतेयस की त्याला झोके देतेयस?"

"काम आहे ते माझं."

"काम आहे हे दिसतंच आहे. कामाला जाताना हल्ली कानातलं लागतं, एवढंच विचारते."

अंधाऱ्या खोलीत दोन खुर्च्यांमध्ये वीतभर जागा होती. ती प्रश्न विचारायची, तो उत्तरं द्यायचा. पंचवीस शब्दांचे पन्नास झाले, पन्नासाचे दोनशे. ती कधी 'तुम्ही'वरून 'तू'वर आली, ते तिलाही कळलं नाही. तो मात्र 'तुम्ही'लाच धरून बसला होता.

"मुनी, आत घेतलेल्या दाण्याचं पुढे काय होतं रे?"

"पिशवी आत जाते. पाचक रस असलेल्या दुसऱ्या पिशवीला मिळते. दाणा विरघळतो. कामाचं ते ठेवतात, चोथा पिशवीतून काठाशी आणतात. पिशवीचं आवरण पेशीच्या आवरणाला मिळतं, आणि चोथा बाहेर."

"तेव्हाही दार नाही?"

"नाही. पिशवीच काठ होऊन जाते."

"किती गोड बोलतोस तू. सगळं चोथ्याबद्दल."

तो हसला. हसताना त्याला आवाज नसायचा, खांदे हलायचे. आपण दिवसातून किती वेळा हे खांदे हलवू शकतो, याचा तिनं मनात हिशेब ठेवायला सुरुवात केली होती. सर्वाधिक म्हणजे अकरा.

एका दुपारी यंत्र बिघडलं. दोघं इमारतीच्या मागच्या पायऱ्यांवर कागदी कपांतला कॉफीसारखा काहीतरी द्रव पीत बसले. वारा नुसता पिसाळला होता. झाडाची पानं उलटीपालटी होत होती. तिचा जीवही तसाच चालला होता. आणि ध्यानीमनी नसताना ती बोलून गेली.

"माझं लग्न ठरलं होतं. दोन वर्षांपूर्वी. निमंत्रणं गेली होती सगळीकडे. आठ दिवस आधी मी मोडलं."

तो तिच्याकडे वळला.

"मुलगा वाईट नव्हता. सगळं छान होतं. एक दिवस तो म्हणाला, 'लग्न झालं की होशील शांत.' प्रेमानंच म्हणाला हं. आणि मला श्वासच घेता येईना." तिनं कपाची कड दातांनी चावली. "घरचे म्हणतात, हिला टिकता येत नाही कुठे. खरंच आहे ते. मी टिकत नाही."

मुनी कपात बघत म्हणाला, "त्या पांढऱ्या पेशी... काठ सारखा आत घेत असतात, सारखा परत बाहेर आणत असतात. अर्ध्या तासात सगळं आवरण एकदा आत जाऊन येतं म्हणा ना."

"सगळं?"

"जवळजवळ सगळं. आणि पेशी तीच असते." तो थांबला. "टिकायचं म्हणजे हलायचं नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

तिनं मनगटानं डोळे पुसले. डोळ्यांत धूळ गेली म्हणावी तर वाराही होताच. म्हणून तिनं तेच म्हटलं. त्यानं खिशातून रुमाल काढून दिला, इस्त्रीची घडी न मोडलेला. तो तिनं परत केला नाही.

*

सहाव्या चित्राशी येऊन ती अडली. पेशी तयार माल बाहेर कसा सोडते, ते चित्र. पडद्यावर पेशीच्या काठाला लागून बारीक बारीक पिशव्या रांगेत थांबल्या होत्या. भरलेल्या. काठाला अगदी टेकलेल्या. आणि काहीच होत नव्हतं.

"या का थांबल्यात?"

"इशारा यायचाय."

"सगळी तयारी झालीय?"

"झालीय."

"भरल्यात?"

"काठोकाठ."

"आणि इशारा येईपर्यंत अशाच उभ्या राहणार? तोंडात मूग गिळून?"

"हो."

"किती वेळ?"

तिनं मान वळवली. तो पडद्याकडे बघत नव्हता. हिरव्या उजेडात त्याचे ओठ जरासे विलगले होते, शब्द अगदी ओठांशी आला होता... तिच्या हाताच्या बोटांपासून त्याची बोटं दोन पेरांवर होती. तिचा पाय, आयुष्यात पहिल्यांदाच, हलायचा थांबला.

"फोकस..." तो म्हणाला. "फोकस जरा बिघडलाय."

आणि तो चाकं फिरवत बसला. फोकस मुळीच बिघडला नव्हता. तिला आता फोकसमधलं पुरेसं कळत होतं.

चित्रं पूर्ण झाली. एकाच्या जागी सहा, एकापुढे एक, म्हणजे पानावरून नजर फिरवताना पेशी हलल्यासारखीच वाटावी. प्रकाशकांनी कुरकुर केली, बाईंनी त्यांना गप्प केलं, आणि चित्रं तपासून परत आली. कोपऱ्यात लाल शाईत मुंग्यांच्या अक्षरात एकच शब्द होता, 'सुंदर.'

चित्र सुंदर की आणखी काही? पूर्णविराम दिलाय, म्हणजे चित्रच. पण मग शब्द खोडून पुन्हा लिहिल्यासारखा का दिसतोय? तिनं तो कागद खिडकीपाशी नेऊन उजेडासमोर धरला. ताईनं ते पाहिलं आणि भाऊजींना कोपरानं ढोसलं.

आता दोन वाजायचं कारणच उरलं नव्हतं. ती गच्चीत फेऱ्या मारी, खाली येई, पुन्हा वर जाई. फोन हातात घेई, ठेवून देई. तिनं लिहून पाठवलं, 'चित्र पाचमध्ये पिशवीचा रंग गडद हवा का?' उत्तर आलं, 'नको. ठीक आहे.' तिनं विचारलं, 'आणि चित्र तीन?' उत्तर आलं, 'तेही ठीक.' या माणसाला समोर बसवून गदागदा हलवावं असं तिला वाटलं. मग समोर बसला तर काय काय करावंसं वाटेल, हेही तिला आठवलं, आणि ती पुन्हा गच्चीत गेली.

दहाव्या दिवशी पुस्तकाची छापून आलेली कच्ची पानं बाईंना द्यायची होती. कुरियरनं पाठवता आली असती. ती स्वतः घेऊन गेली.

बाईंनी पानं उलटली, तोंडभर कौतुक केलं. मग सहज म्हणाल्या, "आमचा मुनी चालला बघ वीस तारखेला. दोन वर्षांसाठी. दोन दिवसांच्या प्रवासावर आहे ती प्रयोगशाळा. त्याच्यासारखा डोळा मला पुन्हा मिळायचा नाही. तुला बोलला असेलच म्हणा."

"हो..." ती म्हणाली. "बोलला ना."

वीस तारखेला नऊ दिवस होते.

तो लांबलचक व्हरांड्यात भेटला, हातात काचेच्या बश्यांचा डबा घेऊन. तिला पाहून त्याचा चेहरा आधी उजळला, आणि मग तिचा चेहरा पाहून विझला.

"कधी सांगणार होतास? रेल्वेच्या खिडकीतून?"

"तिथलं पत्र पाच महिन्यांपूर्वी आलं," तो म्हणाला. "तेव्हा तुम्ही नव्हतात. मग तुम्ही आलात. रोज दोनला वाटायचं, आज सांगू. चारला वाटायचं... उद्या."

"आणि मी इकडे वेड्यासारखी पिशव्यांचे रंग विचारत बसले!"

"मला वाटलं, तुम्हाला खरंच रंगच..."

"रंगच! अरे देवा!" तिचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला, दोन दारं किलकिली झाली. "हे बघ मुनी, मी कुणाची वाट बघत बसणारी बाई नाही. दोन वर्षं तर नाहीच नाही. आधीच सांगून ठेवते."

त्यानं डबा छातीशी धरला.

"बोल ना काहीतरी!"

डब्यातल्या बश्या किणकिणल्या. त्याच्या तोंडातून मात्र अक्षर फुटलं नाही. ती वळली आणि निघाली. मागून हाक येईल म्हणून जिन्यापर्यंत हळू चालली. हाक आली नाही. मग धावली.

*

पुढचे तीन दिवस घरात वादळ होतं. तिनं कपाटं आवरली, पुन्हा विस्कटली. एका दूरच्या शहरातल्या चित्रकलेच्या शाळेला अर्ज लिहिला आणि फाडला. भाऊजी म्हणाले, "घरातली लादी झिजेल हो मेहुणीबाई, जरा गच्ची वापरा."

चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, बेल वाजली. ताईनं दार उघडलं. दारात एक उंच, चष्म्यातला माणूस उभा होता. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली.

"त्या आहेत का?"

"कोण त्या?" ताई म्हणाली. "आमच्याकडे फक्त एक ती आहे. आणि ती सध्या चावते." मग तिनं त्याच्या शर्टाकडे पाहिलं, आणि तिचा आवाज मऊ झाला. "तुम्ही मुनी. या."

भिंगरी आतल्या दारात उभी होती, हातात ओला ब्रश. तो तिला बघून खुर्चीच्या टोकावर बसला, लगेच उठला, आणि उभ्यानंच बोलायला लागला. भाऊजींनी वर्तमानपत्र खाली घेतलं.

"मला नीट बोलता येत नाही. पण आता बोलायला लागलोय, तर मला थांबवू नका, थांबलो तर पुन्हा जमणार नाही. ही माझ्या खोलीत आली तेव्हा माझं तीन तासांचं काम गेलं, आणि मला राग आला नाही. मला वाटलं मी आजारी आहे. मग ती रोज यायला लागली. रबर मी दोनदा कापलं, पहिलं चुकलं. 'सुंदर' मी आधी 'छान' लिहिलं होतं, मग खोडलं, मग तेही कमी वाटलं, पण लाल शाईत याहून जास्त लिहिता येत नव्हतं. ती गेल्यावर मी दुपारी दोनला रिकाम्या खुर्चीला पेशी समजावत होतो. बाईंनी ऐकलं. आणि त्या दिवशी ती म्हणाली बोल, आणि माझ्याकडे एवढं होतं, एवढं सगळं होतं, की एकही शब्द..." त्याचा श्वास संपला. त्यानं तो घेतला. "मी तिला थांब म्हणायला आलेलो नाही. तिला थांब म्हणणं बरोबर नाही. मी एवढंच विचारायला आलोय, की ती हलणारच असेल कुठेतरी, तर... त्या दिशेला हलेल का?"

नळाचं पाणी तेवढं ठिबकत होतं.

"शेवटचं वाक्य पुन्हा म्हणा," भाऊजी म्हणाले. "मी चष्मा लावतो."

ताईनं त्यांचा दंड धरला, त्यांना वर्तमानपत्रासकट उठवलं आणि स्वयंपाकघरात नेऊन दार ओढून घेतलं.

ब्रशमधून एक निळा थेंब जमिनीवर पडला. भिंगरीनं तो पायानं पुसला, आणखी पसरवला.

"तू मला 'ती' म्हणालास," ती म्हणाली. "तुम्ही नाही, त्या नाही. ती."

"हो का?" तो घाबरला. "चुकलं का?"

"नाही." तिचा आवाज ओला झाला होता आणि तिला ते अजिबात मान्य नव्हतं. "मला भीती वाटते रे. तिथूनही मी निघाले तर? एखाद्या सकाळी उठून?"

"कुठे निघालीस ते कळव," तो म्हणाला. "मी येईन मागून. हळूहळू येईन, पण येईन."

"आणि मी सामानासारखी नाही येणार. तिथे मी आधी माझं काम शोधेन. माझं टेबल, माझी खिडकी. तू पेशी बघ, मी मला हवं ते काढेन."

"हो."

"आणि लग्नाचं मी म्हणेन तेव्हा."

"हो."

"सगळ्याला हो काय म्हणतोस? भांड ना जरा!"

"भांडेन," तो म्हणाला. "तिथे गेल्यावर. शिकतोय अजून."

ती हसली, हसता हसताच रडली, आणि मग अंतर कापायला तिला जेमतेम दीड पाऊल लागलं. त्याच्या चुकलेल्या बटणांवर तिचं कपाळ टेकलं. त्याचे हात आधी हवेतच राहिले, मग तिच्या पाठीवर आले, सावकाश, एकेक बोट करत. त्याच्या पांढऱ्या शर्टाला निळा रंग लागला. दोघांनाही ते कळलं, दोघंही हलली नाहीत.

"आवाज येत नाहीये," आतून भाऊजी कुजबुजले.

"गप्प बसा हो," ताई म्हणाली.

बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली. "वीस तारखेच्या गाडीत माझं कसं जमेल? पाच दिवसांत सगळं आवरायचं..."

"वीसलाच नको. मी पुढे जातो. पुस्तक छापून झालं की तू ये. मी घ्यायला येईन, अर्ध्या वाटेवरच्या स्टेशनवर. तिथून पुढे एकत्र जाऊ."

"मला खिडकीची जागा लागते," ती म्हणाली. "आणि दर तासाला उठून डब्यात फिरून यावं लागतं."

"मग वाटेच्या कडेची घेऊया. बरी पडेल."

"नाही. खिडकीच. तू कडेला बसायचंस, आणि मी उठले की उठून मला वाट द्यायची. दर तासाला. रागवायचं नाही."

"नाही रागवणार."

"झोपेतूनसुद्धा उठवेन."

"उठव," तो म्हणाला.